सुई-दोऱ्याशिवाय वाकळीचं डिझाइन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शिलाई मशीन नाही, हातशिलाईचा कंटाळा येतो, पण वाकळीवरचे, म्हणजे गोधडीवरचे, ते रंगीत चौकोन-त्रिकोण बघितले की आपल्या हातानंही असं काहीतरी व्हावं असं वाटतंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. कापडाचे तुकडे घडी घालून टाचता येतात, खाचेत खोचता येतात, पुठ्ठ्यावर गुंडाळून चिकटवता येतात, आणि नीट केलं तर लांबून बघणाऱ्याला ते शिवलेलंच वाटतं. रुखवतात ठेवायला, गौरी-गणपतीच्या सजावटीला, दिवाळीत दारात टांगायला, नाहीतर नुसतं हॉलमधल्या मोकळ्या भिंतीला, यातलं काहीही दोन-तीन संध्याकाळी बसलं की होतं.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. जी वस्तू अंगावर घ्यायची, धुवायची, पोरांनी ओढायची, ती शिवायलाच पाहिजे. आपली गावाकडची वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांचे पदर एकावर एक टाकून धावदोऱ्यानं गच्च बांधलेली असते, म्हणून ती वर्षानुवर्षं नदीवर आपटून धुतली तरी टिकते, त्याची बरोबरी कुठलाही गोंद करू शकत नाही. बिनशिलाईचं काम बघायच्या वस्तूंसाठी आहे. (एक अपवाद आहे, गाठी मारलेलं ब्लँकेट, ते शेवटी सांगते.) हे लक्षात ठेवून वस्तू निवडली की निम्मं काम झालं, कारण नवीन शिकणारे पहिल्याच झटक्यात उशीचा अभ्रा चिकटवायला घेतात आणि एका धुण्यात सगळं सुटलं की परत या वाटेला जात नाहीत.

कापड कुठलं घ्यायचं

नवीन कापड आणायला लगेच धावू नका. आपल्याकडं प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा गठ्ठा असतोच, तो खाली काढा. त्यातले सुती वेगळे करा आणि टेरिकॉट-पॉलिस्टर वेगळे करा, कारण या कामात सगळा खेळ घडीचा आहे आणि पॉलिस्टरवर घडी बसतच नाही, बोटानं दाबली की परत उघडते. कुठलं काय ते कळत नसेल तर कडेचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि गॅसवर न्या. सुताचा धागा कागदासारखा जळतो, राख बोटानं चुरगळली की भुकटी होते; पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. हे करताना खिडकी उघडी ठेवा आणि लहान पोरांना लांब ठेवा.

विकतच घ्यायचं झालं तर मॅचिंग सेंटरमधलं सुती टू बाय टू रुबिया माझ्या मते सगळ्यात सोयीचं, कारण ते ब्लाउजला लागतं म्हणून एकाच रंगाच्या आठ-दहा छटा शेजारी शेजारी लावलेल्या मिळतात आणि वाकळीच्या डिझाइनला नेमकं तेच पाहिजे असतं. मात्र दुकानात सुती आहे का मिक्स आहे हे विचारून घ्या, दोन्ही येतं. पॉपलिन आणि केंब्रिकही चालतं. मलमल नको, खालचा पुठ्ठा त्यातून दिसतो. जीन्सही नको, घडीचे थर फुगतात. कोल्हापुरात महाद्वार रोडला एक चक्कर मारली तर कटपीस, रिबन, टाचण्या सगळं एका फेरीत होतं, आणि जास्त कापड लागणार असेल, म्हणजे शाळेच्या पोरांना शिकवायचंय किंवा बचत गटासाठी करायचंय, तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला होलसेलमधे बघा. साध्या सुती कापडाची आपल्या जिल्ह्यात कधी वानवा नव्हतीच, इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि कोल्हापुरात शाहू महाराजांची मिल १९०६ साली उभी राहिली, तेव्हापासून इथं कापड हा घरोघरचा विषय आहे.

आणि फुकट पाहिजे असेल तर गल्लीतल्या लेडीज टेलरकडं जायचं. "मामा, तुकडे राहिल्यात का काय?" असं विचारलं की बहुतेक वेळा "न्या की वहिनी, पिशवी घेऊन या, मलाबी जागा होतीय" असंच उत्तर येतं. त्या पिशवीत अस्तराचे, काठाचे, बाहीच्या कटिंगमधून उरलेले तुकडे असतात, अडीच-तीन इंचाच्या चौकोनांना ते अगदी पुरेसे.

खणाबद्दल सांगायला पाहिजे कारण सगळ्यांना तोच वापरायचा असतो. गुळेदगुड्डचा खण दिसतो सुंदर, पण कापल्या कापल्या त्याचे धागे सुटायला लागतात आणि त्यात रेशीम किंवा आर्ट सिल्क असल्यामुळं कडक इस्त्री चालत नाही. म्हणून खण पुठ्ठ्याच्या कामात वापरा, तिथं कडा मागं लपतात. पुढं चांदणीचा चेंडू येतो, त्या कामात पहिल्यांदा तरी खण घेऊ नका. जुन्या इरकलीचा काठ मात्र बाजूला काढून ठेवा, त्याची जागा पुढं सांगते.

इस्त्री आणि कापणं, सगळं यावर आहे

लोक विचारतात गोंद कुठला चांगला. माझं म्हणणं आहे की गोंदाचा नंबर तिसरा. आधी इस्त्री, मग कापणं. एखादी वस्तू हौशी दिसते आणि एखादी दुकानातली दिसते यातला फरक बघायला गेलात तर तो घडीच्या धारेत आणि चौकोनाच्या कोपऱ्यात सापडतो.

नवीन सुती कापड आधी पाण्यातून काढून घ्या, ते आकसतं आणि काही रंगही सोडतं. लाल, मरून, गडद निळा यांची परीक्षा जरूर करा: पांढरा रुमाल ओला करून, पिळून कापडावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचं नाही, पावसाळ्यातली ओल पुरेशी असते डाग पडायला. मग कापड थोडं दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्रीवर जे ठिपके असतात त्यात तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंश, ते सुतासाठी, दोन ठिपके १५० च्या आसपास आणि एक ठिपका ११०. खण किंवा मिक्स कापड असेल तर एका ठिपक्यावरच सुरुवात करा.

कापड लुळं वाटत असेल तर साबुदाण्याची पातळ खळ करून त्यात बुडवा आणि सुकवून इस्त्री करा. घडी सुरीच्या धारेसारखी बसते आणि कापताना धागेही कमी सुटतात. फक्त खळ लावलेल्या कापडाला कसर लवकर लागते, त्यामुळं जी वस्तू पेटीत बंद करून वर्षभर ठेवायची आहे तिला खळ लावू नका, नुसती वाफ देऊन भागवा.

कापताना धागा सरळ पाहिजे. कडेला छोटा छेद द्या, एक धागा धरून हळूहळू ओढत काढा, कापडात बारीक सरळ रेघ उमटते, त्या रेघेवर कात्री चालवा. ही पहिली कड सरळ झाली की बाकी सगळे चौकोन तिच्यावरूनच मोजायचे. मापासाठी साचा करून घ्या. पुठ्ठ्याच्या साच्याचे कोपरे लवकर झिजतात, म्हणून घरात जुनी एक्स-रे फिल्म असेल तर ती कापून साचा करा, ती पारदर्शक असते त्यामुळं छापील फूल बरोबर मधोमध आलंय का तेही दिसतं. पेन्सिलीनं रेघ मारा, बॉलपेन नको. आणि कापडाची कात्री ती फक्त कापडालाच, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पहिलं काम: पुठ्ठ्याच्या चौकटींचा वॉलपीस

सुरुवात इथून करा, यात बिघडलं तर एक चौकट बदलायची आणि पुढं जायचं.

पाया ९ बाय ९ इंचाचा जाड पुठ्ठा. मधे ६ बाय ६ इंचाची जागा, त्यात दोन-दोन इंचाच्या ९ चौकटी बसतात, आणि चारी बाजूंनी दीड इंचाची किनार राहते. चौकटीसाठी दोन इंचाचे ९ पुठ्ठे कापा, पण बरोबर दोन इंच नकोत, प्रत्येक बाजूनं मिलिमीटरभर कमी कापा, कारण कापड गुंडाळलं की त्याची जाडी वाढते आणि तिसरी चौकट जागेत मावत नाही. कापडाचे तुकडे तीन बाय तीन इंचाचे, म्हणजे चारी बाजूंना अर्धा-अर्धा इंच मागं वळवायला. वाकळीचा तो मऊ उठाव पाहिजे असेल तर पुठ्ठ्यावर जुन्या फ्लॅनेलचा किंवा पातळ स्पंजचा दोन इंचाचा तुकडा ठेवा, तो चिकटवायची गरज नाही.

आता कापड उलटं ठेवा, त्यावर स्पंज, त्यावर पुठ्ठा. आधी चारी कोपरे तिरके आत वळवून चिकटवा आणि मग बाजू वळवा, म्हणजे कोपऱ्यावर कापड गोळा होत नाही. साधा पांढरा फेविकॉल बोटानं पातळ पसरायचा, फक्त मागच्या बाजूला, कडेपासून जरा आत. जास्त लावला तर तो कापडातून पुढं येतो आणि वाळल्यावर कडक चमकदार डाग दिसतो, तो जात नाही. ओढताना चारी बाजूंना सारखा ताण द्या, एका बाजूला जास्त ओढलं की कापडातले उभे-आडवे धागे वाकडे दिसायला लागतात, विशेषतः चौकड्याच्या कापडात.

सगळ्या चौकटी तयार झाल्या की लगेच चिकटवू नका. पायावर मांडा, पाच गडद आणि चार फिक्या अशी बुद्धिबळाच्या पटाची मांडणी नवख्यांना हमखास जमते. मांडली की मोबाइलनं फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंगात जे वेगळं वाटत होतं, लाल आणि हिरवं म्हणा, ते पुष्कळदा करड्यात एकसारखंच दिसतं, मग डिझाइन उठत नाही. फोटोत गडद-फिकं स्पष्ट दिसेपर्यंत चौकटी बदलत राहा, या कामाला वेळ द्या, इथंच सगळी मजा आहे.

किनारीसाठी दीड इंच रुंद पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोन ९ इंची आणि दोन ६ इंची. मघाशी बाजूला ठेवलेला इरकलीचा काठ यांच्यावर गुंडाळा. काठ आधीच घट्ट विणलेला असतो, धागे सुटत नाहीत, आणि साध्या रंगाच्या चौकटींना तो जी शोभा आणतो ती बाजारातल्या कुठल्याही लेसला येत नाही. सगळं चिकटवलं की वर प्लास्टिकचा कागद आणि जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. जुलै-ऑगस्टमधे आपल्याकडं हवेलाच पाणी असतं, तेव्हा दोन दिवस द्या, वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं आणि नंतर बुरशीचे ठिपके येतात. टांगायला मागं रिबनचा फास ठेवून त्यावर कार्डशीट चिकटवा.

चौकोन जमले की त्रिकोण करा. चौकटीचा पुठ्ठा तिरका कापला की दोन त्रिकोण होतात. इथं कापडाची तिरकी बाजू उरेब येते, ती ताणली की ताणत जाते, म्हणून त्या बाजूला ओढायचं नाही, नुसतं वळवून ठेवायचं.

खाचेत खोचायची पद्धत

ही जपानी किमेकोमीची रीत. अठराव्या शतकात क्योटोच्या कामो देवळाजवळ लाकडी बाहुल्यांना खाचा पाडून त्यात कापडाच्या कडा खोचत असत, त्यावरून पुढं हे पॅचवर्क आलं. परदेशात यासाठी नवा फोम विकत घेतात. आपल्याकडं मार्च २०१८ मधे राज्य सरकारनं थर्माकोलवर बंदी आणली आणि सजावटीचा थर्माकोल त्यात येतो, शिवाय गणपतीनंतर पंचगंगेच्या काठाला तो तरंगताना सगळ्यांनी बघितलाय, तेव्हा यासाठी नवीन थर्माकोल आणू नका. मिक्सर, फ्रिज, टीव्हीच्या खोक्यातून जो घरात आधीच आलाय तोच सपाट बघून वापरा. दाणा बारीक आणि घट्ट पाहिजे, नखानं दाबल्यावर चुरा झाला तर तो तुकडा सोडून द्या.

आखणी वरचीच, ९ इंचात ६ इंचाची. पेन्सिलीनं रेघा मारून नवीन ब्लेडच्या कटरनं पाव इंच खोल खाच पाडा. स्टीलची पट्टी धरून एका ओढीत पाडायची, करवतीसारखं पुढंमागं केलं की कडा तुटतात. किनारीच्या चार कोपऱ्यांत तिरक्या खाचा द्या. मग तीन इंचाचा तुकडा मधल्या चौकोनावर ठेवा, बोथट सुरीनं किंवा नेलफाइलनं आधी एक बाजू खाचेत ढकला, मग समोरची, मग उरलेल्या दोन. कोपरे शेवटी. जास्तीचं कापड बाहेर राहिलं तर टोकदार कात्रीनं छाटा आणि उरलेलं आत दाबा. शेजारचा तुकडाही त्याच खाचेत जातो, दोन कापडं एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून इथं गोंद लागतच नाही. मधून बाहेर असं जायचं. किनारीच्या पट्ट्या चार इंच रुंद घ्या, थर्माकोलची जाडी गुंडाळून मागं टाचायला तेवढ्या लागतात.

थर्माकोलला फेविक्विक किंवा रबर सोल्युशन लावू नका, तो विरघळतो. ग्लू गनचा गरम गोंदही त्याला खड्डा पाडतो. पांढरा फेविकॉलच चालतो.

चांदणीचा चेंडू

आता माझं सगळ्यात आवडतं काम, आणि खरं सांगायचं तर हे एकच शिकलात तरी पुरे. गोल चेंडूवर घडीच्या त्रिकोणांची चांदणी, दोन्ही बाजूंना. आपल्या शेजारच्या कारवार भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवताना कोपऱ्यांना असेच घडीचे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात, आणि फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. तोच त्रिकोण इथं चेंडूवर बसतो.

चेंडू विकतचा नको, चिंध्यांचा करा. जुन्या बनियनच्या किंवा टी-शर्टच्या इंचभर रुंद पट्ट्या फाडा, त्या ताणल्या जातात म्हणून घट्ट बसतात. एका चिंधीचा गोळा करून त्यावर पट्ट्या दिशा बदलत बदलत ताणून गुंडाळा, मधे मधे तळहातात फिरवून गोल करा, शेवटी वरून लोकर किंवा जाड दोरा गच्च गुंडाळा. घेर साडेनऊ इंच झाला की थांबा, म्हणजे चेंडू साधारण तीन इंचाचा झाला. टाचणी टोचून बघा, ती ओढायला जोर लागला पाहिजे. सैल वाटली तर अजून दोरा. चेंडू सैल राहिला तर पुढचं काहीही धरणार नाही, तेव्हा इथं घाई करू नका.

कापडाचे चौकोन अडीच-अडीच इंचाचे, तीन रंगांत. मधल्या चांदणीच्या रंगाचे १०, दुसऱ्या फेरीचे १६, तिसऱ्या फेरीचे १६, एकूण ४२. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून अडीच इंचाची एक पट्टी काढली की १७ चौकोन निघतात, म्हणजे एका रंगाला एक पट्टी पुरते. पन्हा ३६ असेल तर १४ च निघतात, थोडं जास्त घ्या. टाचण्या साधारण १३० लागतात. साधी टाचणी इंचभराची असते आणि चेंडूच्या मध्यापर्यंत दीड इंच, त्यामुळं टोक पलीकडं येत नाही. स्वस्त लोखंडी टाचण्या पावसाळ्यात गंजून कापडावर तांबूस डाग पाडतात, न गंजणाऱ्या मागून घ्या.

कागदाची बारीक पट्टी चेंडूभोवती गुंडाळून घेराएवढी कापा, दुमडून चार भाग करा, त्यावरून समोरासमोरची दोन टोकं आणि मधली रेघ चेंडूवर खूण करा. मधल्या रेघेवर रबरबँड चढवा.

एका टोकावर पहिल्या रंगाचा एक चौकोन सपाट ठेवून चार कोपऱ्यांना टाचा, हा फक्त खालचा चेंडू फटीतून दिसू नये म्हणून. आता त्रिकोण. चौकोन निम्मा दुमडा, सुलट बाजू बाहेर, आणि घडीवर इस्त्री. घडीचा बरोबर मध्य काढा. लहानपणी कागदाची होडी करताना वरचे दोन्ही कोपरे खाली मधोमध आणतो ना, तीच घडी इथं घालायची आहे, पण कोपरे खाली आणायच्या आधी टाचणी मारायची. ती अशी: घडीचा मध्य चेंडूच्या टोकावर ठेवा, कापडाचा वरचा पदर उचला, आणि आतल्या पदरातून, घडीला अगदी लागून टाचणी खोचा. पदर खाली सोडा, टाचणीचं डोकं झाकलं गेलं. मग डावा कोपरा खाली आणा, उजवा खाली आणा, दोन्ही कडा मधोमध एकमेकींना भिडल्या पाहिजेत, आणि खालच्या दोन टोकांना एकेक टाचणी. हा एक त्रिकोण झाला, टोक मध्याकडं, पसरट बाजू बाहेर.

समोरासमोर दोन आणि मग उरलेले दोन, असे चार लावा. चारही टोकं एका बिंदूत मिळाली पाहिजेत. सुई गेली तर जाईल एवढीसुद्धा फट नको. नाही मिळाली तर टाचणी काढून परत लावा, या पद्धतीत हेच तर सुख आहे, उसवायला काही नसतं. इथं केसभर फरक राहिला तर पुढच्या फेऱ्या तो वाढवत नेतात.

दुसरी फेरी आठ त्रिकोणांची, दुसरा रंग. मध्यापासून अर्ध्या इंचावर टोक यायला पाहिजे. आधी चार त्रिकोण पहिल्या चारांच्या कडा जिथं भिडतात त्या रेघेवर लावा, मग उरलेले चार त्यांच्या सांध्यांवर. प्रत्येक वेळी अंतर मोजा, अंदाजानं लावू नका, डोळा फसतो, आणि मोजायला कागदाच्या पट्टीवर अर्ध्या इंचाची आणि एक इंचाची खूण करून ठेवली की सारखी टेप शोधावी लागत नाही. तिसरी फेरी परत आठांची, टोक एक इंचावर, दुसऱ्या फेरीच्या दोन-दोन टोकांच्या मधे. तिची बाहेरची कड मधल्या रेघेपाशी येते. कुठं रेघेच्या पुढं गेलं असेल तर छाटा.

चेंडू उलटा करा आणि दुसऱ्या टोकावर हेच सगळं. मधे जी कच्च्या कडांची फट राहते तिच्यावर पाऊण किंवा एक इंच रुंद रिबन गुंडाळायची, दहा इंच पुरते, टोक आत दुमडून टाचणी. टांगायचा दोरा त्याच जागी, टाचणीनं आणि फेविकॉलच्या थेंबानं पक्का करा. सगळं झाल्यावर चेंडूवरून तळहात हळू फिरवून बघा, कुठली टाचणी वर आलीय का. आणि कितीही मागितला तरी हा चेंडू लहान मुलांना खेळायला द्यायचा नाही, आत शंभरावर टाचण्या आहेत.

रंग निवडताना मधली चांदणी आणि दुसरी फेरी यांच्यात गडद-फिकं जोरात ठेवा. पांढरी चांदणी, गर्द निळी फेरी, बाहेर हळदी, ही जोडी कुठंही खुलते. छापील कापड बाहेरच्या फेरीत ठेवा, मधे साधंच बरं.

इस्त्रीनं चिकटवायचं काम

फाइलचं कव्हर, डब्याचं झाकण, कापडी पिशवीवरचं डिझाइन, याला दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारा, मागं कागद असलेला पातळ थर मिळतो, शिलाई साहित्याच्या दुकानात "दोन्हीकडनं चिकटणारं" असं स्पष्ट सांगून मागा, नाहीतर कॉलरचं एका बाजूचं हातात देतात. कागदाच्या बाजूवर आकार काढा, कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीनं चिकटवा, मग आकार कापा, कागद सोला आणि जागेवर ठेवून दाबा. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, दहा-पंधरा सेकंद दाबायची, आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. अक्षरं असतील तर उलटी काढा. फ्युजिंग नसेल तेव्हा कापायच्या रेघेवर फेविकॉलचं पातळ बोट फिरवून पूर्ण वाळू द्या आणि मग त्या रेघेवर कापा, कड सुटत नाही.

गाठींचं ब्लँकेट

हे धुता येतं, कारण यात गोंद नाही आणि फ्लीसचे धागे सुटत नाहीत. सारख्या मापाची दोन पातळ फ्लीस ब्लँकेटं घ्या, दोन रंगांची, शिवलेली कड कापून टाका. एकावर एक उलट बाजूनं ठेवून चारी कोपऱ्यांतून चार इंचाचे चौकोन कापून काढा. मग कडेनं चार इंच लांब आणि इंचभर रुंद अशा झालरीच्या पट्ट्या कापा, दोन्ही थर एकदमच. वरची आणि खालची पट्टी एकमेकींना डबल गाठ. सलग गाठी मारत गेलात तर एका बाजूला गोळा होतं, म्हणून समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घ्या. गाठ आवळायची नाही, नुसती बसवायची, नाहीतर कड मुरडते.

ठेवताना

भिंतीवरच्या वस्तूंवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं नको. पावसाची झड लागते त्या बाजूच्या भिंतीला टांगू नका. रुखवताच्या वस्तू पेटीत ठेवायच्या असतील तर ऊन दाखवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि थर्माकोलच्या वस्तूजवळ डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं थर्माकोल मऊ पडून बसतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि दसऱ्याच्या सुमारास पेटी एकदा उघडून सगळं परत उन्हात घाला.